मार्जिन सोडलेला आलेख

जायकवाडी धरणात पाणी किती झालं, हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या छावणीत तब्येतीच्या चौकशीआधी विचारला जातो. जुलै उजाडला की दूधवाला विचारतो, गुरुवारच्या बाजारात मेथीची जुडी बांधता बांधता भाजीवाल्या मावशी विचारतात, आणि नाशिकला धो धो पाऊस झाल्याची बातमी आली की लोखंडी पुलावर उभी असलेली अनोळखी माणसंही एकमेकांकडे बघून हसतात. आमच्या डोक्यावर ढगाचा ठिपका नसला तरी चालतो. गोदावरी वरून भरून येते, पैठणला अडते आणि तिथून आमच्या नळाला येते. त्यामुळे आम्ही आकाशाकडे कमी आणि टक्क्यांकडे जास्त बघतो.

मी आकडेवारीची कामं करते. लोक मला आकडे देतात आणि मी त्यांना रेघा काढून देते. एवढ्या भांडवलावर गल्लीत माझं स्थान हवामान खात्याच्या किंचित खाली आणि पंचांगाच्या किंचित वर आहे. शेजारचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. ते रोज सकाळी वर्तमानपत्रातला टक्का वाचतात, तो मला फाटकातून ओरडून सांगतात आणि म्हणतात, ‘‘टाक गं तुझ्या रेघेत.’’ त्यांना वाटतं मी रोज नवी रेघ काढते. मी ती एकदाच काढून ठेवलेली आहे, आणि हा लेख त्या ठेवण्याबद्दल आहे.

माझ्या रेघा आर नावाच्या एका संगणकभाषेत निघतात. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी ती गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात बनवली. तिची पहिली पक्की आवृत्ती 29 फेब्रुवारी 2000 रोजी निघाली. म्हणजे हिशोब मांडणाऱ्यांच्या भाषेचा वाढदिवस चार वर्षांतून एकदा येतो. या भाषेत आलेख काढायची जुनी तऱ्हा अशी की हुकूम सोडला, पडद्यावर चित्र उमटलं, विषय संपला. ते चित्र जपावं म्हणून कुणी नवशिक्यानं ‘पी म्हणजे प्लॉट’ असं लिहून ठेवलं आणि नंतर ‘पी’ उघडून पाहिलं, तर आत ‘नल’ असा शेरा असतो. शून्यसुद्धा नाही, काहीच नाही. आलेख पडद्यावर सांडून गेलेला असतो. एक अक्ष लांबवायचा म्हटलं तरी पुन्हा पहिल्यापासून.

मग 2007 साली हॅडली विकम यांचं जीजीप्लॉट टू हे आरचं पॅकेज आलं. त्यामागे लेलंड विल्किन्सन यांच्या 1999 सालच्या ‘द ग्रामर ऑफ ग्राफिक्स’ या पुस्तकातला विचार होता. जीजीप्लॉट टूच्याही आधीपासून आरमध्ये लॅटिस नावाचं पॅकेज होतं. ते लिहिणारे दीपायन सरकार दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत असतात, हे मी पाहुण्यांना मुद्दाम सांगते. या दोन्हींत आलेख हे चित्र राहत नाही, ती एक वस्तू होते, ऑब्जेक्ट. आकडे, कोणता स्तंभ कोणत्या अक्षावर, थर किती, मोजपट्ट्या कोणत्या, शीर्षक काय, हे सगळं त्या वस्तूत बांधलेलं असतं. चित्र काढायचं काम ती अगदी शेवटी, छापायला सांगितल्यावर करते. लॅटिस आणि जीजीप्लॉट टू दोघंही यात इतके मानी की लूपच्या आत आलेख बनवला आणि ‘प्रिंट’ असं स्वतंत्र आमंत्रण दिलं नाही, तर ते पडद्यावर येतच नाहीत. नवशिकी मुलं तासभर कोऱ्या पडद्याकडे बघत बसतात. आमच्याकडच्या लग्नाच्या पंगतीत मानाचे पाहुणे बसतात तसे आलेख आत तयार होऊन बसलेले असतात. कुणी ‘चला’ म्हणालं नाही, एवढंच.

वस्तू अशी ठेवावी की पुढे बदलता येईल, हे आमच्या छावणीतल्या मास्तरांना, म्हणजे शिंपीमास्तरांना, कुणी शिकवावं लागलं नाही. ते शाळेचा गणवेश शिवतात तेव्हा आतून दोन बोटं कापड दुमडून ठेवतात. जूनमध्ये पोरगं पाचवीत, पुढच्या जूनमध्ये सहावीत, आणि पोटऱ्या उघड्या. मग आई विजार घेऊन येते, मास्तर टीप उसवतात, आतलं कापड बाहेर येतं, विजार पुन्हा अंगाला. ‘‘मार्जिन रखा हूँ ना बाई, फिकर नक्को,’’ हे त्यांचं दरवर्षीचं वाक्य आहे. मी ‘पी’ जपून ठेवते ती याच हिशोबानं. वर्ष बदललं की ‘पी’ उघडायचा, टक्का-अधिक-टक्का असं एक चमत्कारिक चिन्ह आहे (कुठल्याशा पावतीवरच्या कराच्या रकान्यातून पळून आल्यासारखं दिसतं), ते टाकायचं आणि पुढे नव्या वर्षाचे आकडे. रेघेचा रंग, अक्ष, खुणा सगळं जुनं, पाऊस नवा. स्तंभांची नावं मात्र तीच हवीत. गेल्या वर्षी ‘टक्के’ असलेला रकाना यंदा कुणी ‘टक्केवारी’ केला, तर आलेख ‘ही वस्तू सापडत नाही’ असं म्हणून मोकळा होतो.

याउलट चित्र. पीएनजी, जेपीजी, आणि सर्वांत वाईट म्हणजे त्याचा मोबाइलनं काढलेला फोटो. त्याला मार्जिन नसतं. जे दिसतं तेवढंच असतं. तरीही आपल्याकडे आलेख म्हटलं की लोक चित्रच मागतात, चित्रच पाठवतात, आणि त्या चित्राचं चित्र काढून तिसऱ्याला पाठवतात. मला एकदा आलेल्या एका आलेखात वरच्या कोपऱ्यात बॅटरी 14 टक्के आहे, हेही दिसत होतं. पाहणाऱ्यांपैकी एकानं तो जायकवाडीचा साठा समजून हळहळ व्यक्त केली.

या चित्रवाल्यांची खरी परीक्षा घेतली ती 2023 सालानं. 24 फेब्रुवारी 2023 रोजी आमच्या शहराच्या नव्या नावाला केंद्राची मंजुरी मिळाल्याचं जाहीर झालं आणि औरंगाबाद शहर छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबाद धाराशिव झालं. जिल्हा, तालुका, विभाग यांच्या नावांची अधिसूचना निघाली सप्टेंबरात. तसं आमच्या शहराला लेबल बदलण्याचा सराव जुनाच. 1610 साली मलिक अंबरानं वसवलं तेव्हा खडकी, मग त्याचा मुलगा फतेहखान याच्यावरून फतेहनगर, 1653 साली औरंगजेब सुभेदार म्हणून परतला त्यानंतर औरंगाबाद. पुढे इंग्रजांच्या पलटणीसाठी वसलेली छावणी मात्र आपली छावणीच राहिली. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही कुणाला विचारलं नाही.

त्या काळात मलिक अंबराकडे पॉवरपॉइंट नव्हतं, म्हणून ते बदल सोपे गेले असणार. 2023 साली मात्र विभागातल्या प्रत्येक संगणकात पंधरा-वीस वर्षांचे आलेख भरलेले होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर जुनं नाव. ज्यांच्याकडे वस्तू होती त्यांचं काम एका ओळीचं: पी अधिक लॅब्ज, कंसात नवं शीर्षक. ज्यांच्याकडे चित्र होतं त्यांनी पेंट उघडलं. एका कार्यालयातून (कोणत्या ते विचारू नका, माझी बिलं अजून तिथे आहेत) मला एक आलेख आला. त्यात जुन्या नावावर पांढरी पट्टी चिकटवली होती आणि पट्टीवर नवं नाव टंकलेलं होतं. नवं नाव लांब, म्हणून पट्टीही लांब, आणि तिनं जून महिन्याचा खांब निम्मा झाकला. त्या आलेखावरून मराठवाड्यात मान्सून जुलैत येतो, असा निष्कर्ष निघत होता. पुढच्या महिन्यात त्याच चित्रावर जिल्ह्यासाठी आणखी एक पट्टी आली.

पट्टीची लांबी हा विनोद नाही, तो अभियांत्रिकीचा प्रश्न आहे. इंग्रजीत औरंगाबाद लिहायला दहा अक्षरं लागतात. छत्रपती संभाजीनगर लिहायला मधली मोकळी जागा धरून पंचवीस. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचे आठ छोटे आलेख शेजारी शेजारी मांडले की प्रत्येकाच्या डोक्यावर नावाची एक चिंचोळी फीत असते. औरंगाबाद त्यात ऐसपैस बसायचं. नवं नाव फितीच्या दोन्ही बाजूंनी कापलं जायला लागलं. हे दोन ओळींत मोडायची सोय आहे, पण ती शोधेपर्यंत एका सादरीकरणात विभागाच्या मुख्यालयाचं नाव मधूनच सुरू होऊन मधूनच संपत होतं.

आणि मराठीत लिहायचं ठरवलं तर त्याची वेगळीच गंमत. आरच्या साध्या पीडीएफला देवनागरी कळत नाही. जे अक्षर कळलं नाही त्याच्या जागी ती ठिपका टाकते आणि प्रामाणिकपणे तसं सांगतेही. मी ‘छत्रपती संभाजीनगर’ लिहिलं आणि छापून आली ठिपक्यांची रांगोळी. मग कैरो म्हणा, रॅग म्हणा, असे दुसरे छापणारे घ्यावे लागतात. तेव्हा कुठे ‘त्र’ जोडून येतो आणि वेलांट्या आपापल्या जागी बसतात.

पण सगळ्यांत मजा आली ती वर्णक्रमानं. इंग्रजी वर्णमालेत औरंगाबाद कायम पहिलं. मराठवाड्याचा कुठलाही तक्ता उघडा, पहिली ओळ आमची. शाळेच्या हजेरीत अ आडनावाच्या पोराला येतो तसा एक बारीक माज आमच्या जिल्ह्याला त्यातून आला होता. नाव बदललं आणि आम्ही ‘सी’वर गेलो. पहिला नंबर बीडला मिळाला. उस्मानाबाद शेवटून दुसरं असायचं, ते धाराशिव होऊन थेट आमच्या पाठोपाठ तिसरं आलं. आता जीजीप्लॉट टू रंग वाटतं ते याच क्रमानं. रंग आपण ठरवून दिले नाहीत तर पहिल्याला लालसर, मग पुढच्यांना पुढचे. वर्षानुवर्षं लालसर रेघ म्हणजे आपण, ही सवय लागलेल्या काकांनी नवा आलेख पाहिला आणि म्हणाले, ‘‘यंदा आपल्याकडे चांगलाच झाला की!’’ तो बीडचा पाऊस होता. बीडकरांना तो मिळाला असता तर मलाही आनंदच होता, पण काका त्या दिवशी छत्रीशिवाय बाहेर पडले नाहीत.

ज्यांनी शहाणपणानं रंग ठरवून दिले होते, त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्या ‘पी’त लिहिलेलं होतं: औरंगाबादला निळा. नव्या आकड्यांत औरंगाबाद नाहीच. छत्रपती संभाजीनगर आहे, पण त्याच्या नावानं रंग जमा नाही. मग काय, बेवारस आकड्याला मिळतो तो करडा. आयुक्तालय, विद्यापीठ, उच्च न्यायालयाचं खंडपीठ, सगळं ज्या जिल्ह्यात आहे तो जिल्हा आलेखात राखेच्या रंगाचा. आणि ज्यांनी जुन्या आलेखातले आकडे काढून त्याला नवे जोडले, त्यांच्याकडे तर भूगोलच वाढला. औरंगाबाद 2022 पर्यंत, छत्रपती संभाजीनगर 2023 पासून. उस्मानाबाद तोवर, धाराशिव पुढे. आर बिचारीला काय माहीत? तिनं मोजले दहा जिल्हे. मराठवाड्यातले नवे जिल्हे कसे होतात ते आम्ही पाहिलेलं आहे. 1981 साली जालना आमच्यातून निघालं, 1982 साली लातूर उस्मानाबादमधून, 1999 साली हिंगोली परभणीतून. दर वेळी मोर्चे, मागण्या, घोषणा, मग महाराष्ट्रदिनाचा किंवा स्वातंत्र्यदिनाच्या आसपासचा मुहूर्त. इथे दोन ओळी जोडल्या आणि दोन जिल्हे झाले. गुलालसुद्धा लागला नाही.

यात आणखी एक मेख. लोकसभेच्या मतदारसंघाचं नाव 2024 सालच्या निवडणुकीतही औरंगाबादच होतं. म्हणजे पावसाच्या आलेखात नवं नाव बरोबर आणि मतांच्या आलेखात जुनं. एकच ‘पी’ दोन्हीकडे वापरायला गेलं की एका बाजूनं निवेदन येतं आणि दुसऱ्या बाजूनं दुरुस्तीपत्रक.

माझी भाची विद्यापीठात संख्याशास्त्र शिकते आणि सुट्टीत माझ्याकडे राहायला येते. तिला मी आठ जिल्ह्यांच्या पावसाचे आठ आलेख बनवून एका यादीत साठवायला सांगितलं. तरुण माणूस आठ वेळा तेच लिहीत बसत नाही, तिनं लूप लावला. पाच मिनिटांत काम संपवून मोबाइल हातात. मी यादी उघडली. पहिला आलेख, शीर्षक बीड. दुसरा, छत्रपती संभाजीनगर. तिसरा, धाराशिव. शीर्षकं सगळी चोख. आणि आठही आलेखांतली रेघ हुबेहूब एकच.

‘‘मावशी, सगळीकडे सारखाच पाऊस झालाय,’’ ती म्हणाली. तिच्या वयात माणसाचा आकड्यांवर विश्वास असतो.

तो पाऊस परभणीचा होता. कारण असं की आर आळशी आहे. हा माझा आरोप नाही, तिच्या स्वभावाला शास्त्रातच लेझी असं नाव आहे. आलेख साठवताना तिनं ‘आय क्रमांकाचा स्तंभ घे’ एवढीच चिठ्ठी आत ठेवली. स्तंभ प्रत्यक्ष घेतला नाही. शीर्षक मात्र त्याच क्षणी वाचून लिहून टाकलं. लूप संपला तेव्हा ‘आय’ आठवर येऊन थांबला होता, आणि इंग्रजी वर्णक्रमात आठवा जिल्हा परभणी. मग प्रत्येक आलेख उघडताना चिठ्ठी वाचली जाते, ‘आय’ विचारला जातो, उत्तर येतं आठ. बीडच्या पाटीखाली परभणी, लातूरच्या पाटीखाली परभणी, नांदेडच्या पाटीखालीही परभणी. काकांना दाखवलं तर ते म्हणाले, ‘‘जगात जर्मनी, भारतात परभणी, हे आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. आज पुरावा मिळाला.’’ त्यांची सासुरवाडी तिकडची आहे.

इलाज सोपा आहे. लूपऐवजी फंक्शन वापरा, प्रत्येक फेरीला आपली स्वतंत्र ‘आय’ मिळते. पण तो सांगण्याआधी मी भाचीला विचारलं, समजा हा आलेख असाच मुंबईला गेला असता तर? ती म्हणाली, मदत सगळ्यांना सारखी मिळाली असती. मला यावर पटकन काही उत्तर सुचलं नाही.

काकांचा खरा जीव मात्र पावसाच्या नव्हे, जायकवाडीच्या आलेखात. धरण 1976 साली पूर्ण झालं. दरवाजे 27. जिवंत साठा 2171 दशलक्ष घनमीटर, त्याखाली मृतसाठा 738. वर्तमानपत्रात येतो तो टक्का जिवंत साठ्याचा, म्हणून पाणी मृतसाठ्यात उतरलं की टक्का उणे होतो. बाहेरगावच्या माणसाला हे पटत नाही. उणे पाणी म्हणजे काय, तो विचारतो. उन्हाळ्यात या, दाखवतो, आम्ही म्हणतो.

माझ्या मूळ ‘पी’त उभा अक्ष शून्यापासून शंभरपर्यंत बांधलेला होता. शंभरावर टक्का जात नाही आणि शून्याखाली काही नसतं, हे पुस्तकातलं गणित. त्यात 2019 चे आकडे घातले. त्या वर्षी पावसाळा लागला तेव्हा जायकवाडी उण्यात होतं. आलेख आला तर मे-जूनच्या जागी रेघच नाही. खाली एक सूचना: अक्षाबाहेरच्या इतक्या ओळी काढून टाकल्या आहेत. म्हणजे दुष्काळाचे सर्वांत वाईट आठवडे आलेखानं स्वतःहून गाळले आणि ऑगस्टमध्ये नाशिकचं पाणी येऊन धरण भरलं तिथून गोष्ट सुरू केली. ही सोय ज्याला कळेल तो अधिकारी फार वर जाईल.

मी नवा अक्ष जोडला, उण्यात जाणारा. त्यावर आलेखानं बजावलं की उभ्या अक्षाची मोजपट्टी आधीच हजर आहे, नवी जोडली तर ती जुनीची जागा घेईल. काकांनी ते वाचून समाधानानं मान हलवली. ‘‘आमच्या खात्यात बदलीचा हुकूम याच भाषेत यायचा. फक्त जुन्याला तो नंतर दाखवायचे.’’

त्या आलेखात आडवी एक तुटक रेघ आहे, 65 टक्क्यांवर. मराठवाड्याबाहेरच्या वाचकासाठी सांगते: 15 ऑक्टोबरला जायकवाडी 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या, म्हणजे नाशिक-नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं, असा समन्यायी वाटपाचा हिशोब आहे. मेंढेगिरी समितीच्या अहवालातून तो आला. ही रेघ खाली आणावी अशी शिफारस अलीकडे झाली आणि आमच्याकडे वातावरण तापलं. काका त्या संध्याकाळी आले, खुर्ची ओढली, पडद्याकडे बोट केलं.

‘‘ही रेघ कशी काढलीस?’’

‘‘वेगळा थर आहे, काका. पी डॉलर लेयर्स, त्यातला दुसरा.’’

‘‘म्हणजे बाकी आलेखाला हात न लावता नुसती ही रेघ वरखाली करता येते?’’

‘‘येते.’’

काकांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. ‘‘नाशिककरांना सांगू नकोस.’’

आता वस्तूचे दोषही सांगायला हवेत, नाहीतर मास्तरांच्या दुकानाची जाहिरात व्हायची. पहिला दोष म्हणजे वस्तू सगळं पोटात घेऊन फिरते. आलेखात चार खांब दिसत असले तरी ज्या तक्त्यावरून ते निघाले तो अख्खा तक्ता आत असतो. न वापरलेल्या रकान्यांसकट. शहरातल्या एका सोसायटीत मेंटेनन्सच्या थकबाकीचा आलेख फिरला. खजिनदारांच्या हौशी मुलानं बनवलेला. विंगनिहाय सरासरी, नाव कुणाचंच नाही, सगळं सभ्य. पण पोरानं चित्राऐवजी ऑब्जेक्टची फाइल पाठवली. एका सभासदाच्या मुलीनं ‘पी डॉलर डेटा’ असं लिहिलं आणि पडद्यावर फ्लॅटनिहाय नावानिशी यादी उभी राहिली. वरून दुसरं नाव खजिनदारांचं. पुढची सर्वसाधारण सभा गणपूर्तीसह झाली, हे त्या सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं असं ऐकते.

आकडेच नव्हे, आलेख फंक्शनच्या आत जन्मला असेल तर त्या वेळी आसपास पडलेलं सगळं सामानही चिकटून येऊ शकतं. चार ठिपक्यांचा आलेख आणि फाइल इतकी जड की ईमेल ती उचलायला नकार देतं. माणूस ठिपके मोजत बसतो, वजन कुठून आलं ते कळत नाही.

दुसरा दोष जास्त गंभीर. वस्तू म्हातारी होते. जीजीप्लॉट टूची चौथी आवृत्ती 2025 साली आली, तिनं आतली मांडणी एस-सेव्हन नावाच्या नव्या पद्धतीवर नेली. जुन्या आवृत्तीत जपलेले आलेख नव्यात उघडतीलच याची हमी कुणी देत नाही. आरच्या जुन्या तऱ्हेच्या आलेखांनाही टिपून ठेवायची सोय आहे, रेकॉर्डप्लॉट नावाची. तिच्या मदतपानावर तर साफ लिहिलंय की कायमच्या साठवणीसाठी हे वापरू नका. पायथॉनवाल्यांचं मॅटप्लॉटलिब आलेखाचं लोणचं घालतं. पिकल असंच नाव आहे त्या पद्धतीचं. पण त्या बरणीवरही आवृत्तीची तारीख बघावी लागते. मास्तरांचं मार्जिनही अखेर दोन बोटांचंच. पोरगं दहावीत गेलं की नवं कापड घ्यावंच लागतं.

म्हणून मी आता ‘पी’ ठेवते, पण त्याच्यावर विसंबत नाही. त्याच्या शेजारी आकड्यांची साधी सीएसव्ही फाइल असते आणि ‘पी’ कसा शिवला त्याच्या सगळ्या ओळी एका साध्या मजकुराच्या फाइलीत असतात. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडते, कुठल्याही आवृत्तीत उघडते, आणि जायकवाडी उण्यात असो वा 27 दरवाजे उघडलेले असोत, पुन्हा पहिल्यापासून आलेख काढून देते. ‘पी’ हा या हंगामापुरता. ओळी आणि आकडे पुढच्या पिढीसाठी. भाचीनं माझ्या संगणकात ‘पी’, ‘पी टू’, ‘पी फायनल’, ‘पी फायनल नवं नाव’ आणि ‘पी फायनल खरंच’ अशा फाइली पाहिल्या तेव्हा ती हसली. तिच्या स्वतःच्या फोल्डरात सध्या ‘परभणी एक’ ते ‘परभणी आठ’ आहेत.

तर पावसाळा तोंडावर आहे. आलेख मागायला येणाऱ्या सर्वांना, कार्यालयांना, संस्थांना आणि फाटकातून ओरडणाऱ्या काकांनाही, हात जोडून विनंती: मला स्क्रीनशॉट पाठवू नका. आकड्यांची फाइल पाठवा, जमल्यास ज्या ओळींनी आलेख काढला त्या पाठवा, आणि पाठवण्याआधी त्यात कुणाची थकबाकी किंवा फोन नंबर नाही ना ते बघा. रकान्यांची नावं दरवर्षी बदलू नका. जिल्ह्याचं नाव जुनं लिहायचं तर जुनं, नवं लिहायचं तर नवं, पण एका फाइलीत वरपासून खालपर्यंत एकच लिहा. मराठवाड्याला सध्या आठ जिल्हे पुरे आहेत.